टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगायचंय? आधी हे वाचा (नवीन आलेल्या मराठी मंडळींसाठी)

"टेक्सासमध्ये आता लायसन्स लागतच नाही म्हणे" हे वाक्य तुम्ही इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच ऐकणार, ऑफिसमध्ये नाहीतर पॉटलकला, आणि सांगणारा इतक्या कॉन्फिडन्सने सांगतो की ऐकणाऱ्याला वाटतं आता फक्त दुकानात जाऊन उचलायचं बाकी आहे. वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात जेल आहे, डिपोर्टेशन आहे, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत तेच अर्धं जास्त लागू पडतं.

मे २०२३ मध्ये ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ माणसं गेली, त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. प्लेनो, फ्रिस्को, ॲलन म्हणजे आपली लोकं सगळीकडे, तो मॉल प्रत्येकाच्या जाण्यायेण्यातला. तेव्हापासून ज्यांनी आयुष्यात दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हातात धरलं नव्हतं तेसुद्धा विचारायला लागले. घ्यावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. मी ग्रीन कार्ड आल्यावर या सगळ्यातून गेलेय, म्हणून क्रमाने लिहितेय. मी वकील नाही, आणि कायदे बदलत राहतात, त्यामुळे काही घडलं तर वकीलच गाठायचा, माझा लेख नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इथे परवानगी तीन ठिकाणहून लागते: फेडरल कायदा, टेक्सासचा कायदा, आणि ज्याच्या जागेत तुम्ही पाय ठेवताय तो मालक. तिघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तर नाही. "टेक्सासमध्ये चालतं" म्हणणारी मंडळी फक्त मधल्याबद्दल बोलत असतात.

१. आधी तुमचा इमिग्रेशन स्टेटस बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा लांबण लावते.

एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू, यातल्या कुठल्याही व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक तर सोडाच, एक गोळीसुद्धा स्वतःजवळ ठेवता येत नाही. विकत घेणं, गिफ्ट म्हणून घेणं, मित्राची धरून बघणं, सगळं त्यात आलं. टेक्सास सरकार काय म्हणतं याचा इथे काही संबंध नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, २०२२ च्या कायद्याने १० वरून वाढवलीय. याला थोडेच अपवाद आहेत, त्यातला लोकांना माहीत असलेला म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं व्हॅलिड हंटिंग लायसन्स. ते काढून पळवाट शोधणारे लोक आहेत, कायद्यात ती वाट खरंच आहे, पण लायसन्स एक्स्पायर झालं की त्याच क्षणी तुम्ही गुन्हेगार, आणि ग्रीन कार्डची फाइल मध्येच लटकलेली असताना हा खेळ कशाला खेळायचा हे मला कळत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती शूटिंग रेंजवर. टीम आउटिंग असतं, नाहीतर भारतातून मित्र आलेला असतो, "चल तुला टेक्सास दाखवतो" म्हणून रेंजवर नेतात, भाड्याचं पिस्तूल हातात देतात, फोटो काढतात आणि वर इन्स्टाला टाकतात. बी-टू किंवा एफ-वन वाल्याच्या हातात ते पिस्तूल आलं म्हणजे 'पझेशन' झालं. रेंजवाला फॉर्मवर सही घेतो त्यात बहुतेक वेळा हे लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. सुप्रीम कोर्टात २०१९ साली गाजलेली रेहाइफ केस अशीच सुरू झाली, फ्लोरिडात एफ-वनवर आलेला एक विद्यार्थी, कॉलेजने काढून टाकल्यामुळे स्टेटस गेलेला, तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. कोर्टाने शेवटी म्हटलं की त्याला स्वतःचा स्टेटस माहीत होता हे सरकारने सिद्ध करायला हवं. पण तिथपर्यंत पोचेस्तोवर त्या माणसाच्या आयुष्याचं काय झालं असेल याचा विचार करा. आणि तुम्हाला तर तुमचा स्टेटस पाठच असतो.

दुसरा ट्रॅप म्हणजे एकाच घरात दोन स्टेटस. बायको सिटिझन, नवरा अजून एच-वन-बीवर, किंवा मुलगा ग्रीन कार्डवाला आणि आईबाबा सहा महिन्यांसाठी बी-टूवर आलेले. पिस्तूल बायकोचं, कायदेशीर, पण ते बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये उघडं पडलंय आणि नवऱ्याला हवं तेव्हा घेता येतं, तर ते त्याच्याही ताब्यात होतं असं म्हणता येतं. त्यामुळे तिजोरी हवीच आणि तिचा कोड ज्याला परवानगी नाही त्याला माहीत नसावा. बाबांनाही नाही.

तिसरा: "माझं ग्रीन कार्ड यायचंय, तू तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो." याला स्ट्रॉ परचेस म्हणतात आणि तो स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे, तोही १५ वर्षांपर्यंतचा. मित्र कितीही जवळचा असो, नाही म्हणायचं.

ग्रीन कार्ड हातात आलं, की मगच पुढचं वाचा. ग्रीन कार्डवाल्यांना विकत घेता येतं आणि टेक्सासचं लायसन्सही मिळतं.

२. "लायसन्स लागत नाही" हे कोणाला लागू?

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला, ज्याच्यावर दुसरी कुठली बंदी नाही, लायसन्सशिवाय हँडगन बाळगता येते. लपवून नेली तरी चालते, उघड दिसणार असेल तर होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, हवी.

"ज्याच्यावर बंदी नाही" हे शब्द नीट वाचा. फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, शिक्षा झालेले, घरगुती हिंसाचारात शिक्षा झालेले, कोर्टाची प्रोटेक्टिव्ह ऑर्डर असलेले, गेल्या पाच वर्षांत मारहाण किंवा धमकीसारख्या काही ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेले, आणि वर सांगितलेले व्हिसावाले, हे सगळे बाहेर. प्रोटेक्टिव्ह ऑर्डरवाल्या बंदीला आव्हान देणारी रहीमी केस टेक्सासचीच होती, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी कायम ठेवली.

गांजाबद्दलही एक सांगून ठेवते. कोलोरॅडोला फिरायला गेलात, तिथे दुकानात मिळतो, कायदेशीर आहे वगैरे सगळं खरं, पण फेडरल कायद्याला ते मान्य नाही आणि पिस्तूल घेताना फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा.

३. मग एलटीसी काढायचंच कशाला?

एलटीसी म्हणजे लायसन्स टू कॅरी. १९९५ च्या कायद्याने हे सुरू झालं, तेव्हा त्याला सीएचएल (कन्सील्ड हँडगन लायसन्स) म्हणायचे, जुनी लोकं अजून तेच म्हणतात, २०१६ मध्ये ओपन कॅरी, म्हणजे उघड बाळगणं, आलं तेव्हा नाव बदललं. आता गरज नसताना लोक काढतात याची मला पटलेली कारणं सांगते.

पहिलं कारण शाळा. फेडरल कायद्याप्रमाणे कुठल्याही शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक नेता येत नाही, स्वतःचं घर वगैरे खाजगी जागा सोडून. ज्याच्याकडे त्या राज्याचं लायसन्स आहे त्याला सूट आहे. लायसन्सशिवाय फिरणाऱ्याला नाही, त्याने गोळ्या काढून कुलूपबंद पेटीत ठेवायची. आता प्लेनो-फ्रिस्कोचा नकाशा डोळ्यासमोर आणा, दर दोन सिग्नलला एक एलिमेंटरी आहे, १००० फूट चुकवून तुम्ही दूध आणायला तरी जाल का?

दुसरं, लायसन्सवाल्याला काही पाट्या लागू होत नाहीत, ते खाली येईलच. तिसरं, दुसऱ्या राज्यात गेल्यावर उपयोग होतो. चौथं, पुढचं पिस्तूल घेताना दुकानदाराला एफबीआयच्या यंत्रणेत वेगळा बॅकग्राउंड चेक करावा लागत नाही, फॉर्म मात्र भरावाच लागतो. आणि पाचवं म्हणजे क्लासमध्ये चार गोष्टी डोक्यात शिरतात. खरं सांगायचं तर माझ्या मते हेच पहिलं कारण असायला हवं.

४. काय काय जवळ ठेवायचं

- टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स, चालू पत्त्याचं. व्हिसावर असताना मिळालेल्या कार्डावर 'लिमिटेड टर्म' छापलेलं असतं, ग्रीन कार्ड आल्यावर आधी ते बदलून घ्या.
- ग्रीन कार्ड, किंवा सिटिझन असाल तर पासपोर्ट अथवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट.
- सोशल सिक्युरिटी नंबर.
- गेल्या पाच वर्षांतले राहण्याचे आणि नोकरीचे पत्ते. कन्सल्टिंगवाल्यांनो, बसा आठवत, दर प्रोजेक्टला नवीन अपार्टमेंट घेतलं होतंत ना.
- आधीची नावं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी माहेरचं नाव विसरू नका, पासपोर्ट एका नावाने आणि ग्रीन कार्ड दुसऱ्या नावाने असेल तर आधी ते निस्तरा.
- कधी अटक, केस काही झालं असेल, अगदी डिसमिस झालेलं, तर त्याचे कोर्टाचे कागद.

५. अर्ज, ठसे, क्लास

अर्ज टेक्सास डीपीएसच्या (डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी, ड्रायव्हिंग लायसन्स देणारं राज्याचं खातं) साइटवर ऑनलाइन करायचा, फी ४० डॉलर. २०१७ च्या आधी १४० होती, त्यामुळे जुन्या लेखांमध्ये तो आकडा दिसला तर घाबरू नका. साइट फक्त डीपीएसचीच, गुगलवर वर येणाऱ्या "झटपट टेक्सास परमिट" छाप जाहिरातींपैकी बऱ्याच जणांना तुमच्याकडून फक्त कोर्सचे पैसे घ्यायचे असतात, आणि व्हिडिओ बघून संपला की लायसन्स मिळालं असं समजणारे आपलेच दोन-तीन लोक मला माहीत आहेत. थिअरी ऑनलाइन करता येते हे खरं, पण नेमबाजीची परीक्षा इन्स्ट्रक्टरसमोर रेंजवरच द्यावी लागते.

ठसे आयडेंटोगोच्या सेंटरवर अपॉइंटमेंट घेऊन द्यायचे, त्याची फी वेगळी. यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, बायोमेट्रिक्स दिले होते ते इथे चालत नाहीत, हा प्रश्न हमखास येतो म्हणून लिहिलं.

क्लास चार ते सहा तासांचा. विषय चार: शस्त्रांचा आणि बळाच्या वापराचा कायदा, हँडगन सुरक्षित कशी हाताळायची, भांडण न वाढवता कसं मिटवायचं, आणि घरात कशी ठेवायची म्हणजे पोरांच्या हाती लागणार नाही. शेवटी लेखी परीक्षा, ७० टक्क्यांना पास. आपण इंजिनिअरिंगच्या केट्या काढलेली माणसं, त्याचं टेन्शन घेऊ नका, फक्त इन्स्ट्रक्टर कायद्याबद्दल बोलत असताना फोन बाजूला ठेवा.

सगळे कागद पूर्ण पोचल्यावर साठेक दिवस धरून चाला. पहिलं लायसन्स चार वर्षांचं, रिन्यू केलं की पाच वर्षांचं, आणि रिन्यूला परत क्लास नाही.

इमिग्रेशनवाल्यांसाठी इथेच एक टीप. सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये शस्त्रांचं ट्रेनिंग घेतलंय का असा प्रश्न असतो. एलटीसीचा क्लास त्यात धरायचा का, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, तुम्ही सरळ आपल्या वकिलाला विचारा आणि सर्टिफिकेटची कॉपी फाइलला लावून ठेवा. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली असेल तर तेही वकिलाच्या कानावर घाला.

६. रेंजचा दिवस

पिस्तूल स्वतःचं नसेल तर रेंजवर भाड्याने मिळतं, इन्स्ट्रक्टरला आधी फोन करून विचारा. नाइन एमएम घ्या. छोटं, पर्समध्ये मावणारं गोंडस पिस्तूल शिकायला वाईट, जितकं लहान तितका झटका जास्त.

५० गोळ्या झाडायच्या: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, आणि १५ वरून १०. एकूण २५० पैकी १७५ गुण हवेत. ३ यार्ड म्हणजे हॉलमधल्या सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर, तिथेच बरेचसे गुण खिशात येतात, त्यामुळे घाई करायची नाही. लोक मागे पडतात ते नेमामुळे नाही, गोळी सुटायच्या आधीच हात दचकल्यामुळे. आधी एकदोनदा रेंजवर जाऊन तो आवाज अंगवळणी पाडून घ्या, इनडोअर रेंजमध्ये शेजारच्या लेनचा धमाका छातीत बसतो.

कपड्यांचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. गळ्यालगत बसणारा टीशर्ट घाला, टोपी घाला, बूट बंद. गोळीचं रिकामं पितळी कवच गोळी सुटल्यावर उजवीकडे उडून बाहेर पडतं आणि ते तव्यासारखं तापलेलं असतं, मोठ्या गळ्याच्या कुर्त्यात गेलं की माणूस हातातलं भरलेलं पिस्तूल विसरून नाचायला लागतो आणि नळी कुठे वळेल सांगता येत नाही. असं झालं तर भाजू दे, नळी समोरच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं, पिस्तूल खाली ठेवायचं, मग काय नाचायचं ते नाचा. डोळ्यांना गॉगल आणि कानाला मफ तिथे मिळतात.

परत घरी येऊन जेवायच्या आधी हात साबणाने स्वच्छ धुवा, शिशाचा धूर असतो तो. लहान बाळ असेल तर कपडेही बदला.

७. विकत घेताना

दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ हवं. फॉर्म ४४७३ भरायचा, आणि मराठी नावांची खरी परीक्षा इथे. मधलं नाव पूर्ण लिहायचं, इनिशियल चालत नाही. मधलं नावच नसेल तर ती जागा रिकामी सोडायची नाही, एनएमएन लिहायचं. आपल्याकडे वडिलांचं नाव पासपोर्टवर आहे पण ड्रायव्हिंग लायसन्सवर नाही, असले घोळ असतात, फॉर्मवरचं आणि आयडीवरचं जुळलं पाहिजे. पत्ता राहता, पीओ बॉक्स नाही. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर गाडीच्या रजिस्ट्रेशनसारखा नव्या पत्त्याचा सरकारी कागद सोबत न्या. ग्रीन कार्डवाल्यांनी एलियन नंबर लिहायचा. व्हिसाबद्दलच्या प्रश्नाला आपली माणसं हमखास अडखळतात, कारण आलो तर सगळे एच-वन-बीवरच, तेव्हा अंदाजाने टिक करू नका, ग्रीन कार्डवाल्यांनी काय करायचं ते फॉर्मच्या सूचनांमध्ये बघा.

चेकचं उत्तर तीनपैकी एक येतं: प्रोसीड, डिले, किंवा डिनाइड. डिले आला तर अपमान झाल्यासारखं तोंड करू नका, नावं सारखी असली की होतं असं. टेक्सासमध्ये पिस्तुलाची नोंदणी नाही, वेटिंग पीरियड नाही. पावती आणि सिरियल नंबरचा फोटो मात्र जपून ठेवा, चोरीला गेलं तर पोलिसांना काय सांगणार?

८. पाट्या वाचायला शिका

पुणेरी पाट्या वाचून मोठे झालेल्यांना हा भाग सोपा जाईल, फरक इतकाच की इथल्या पाटीत अपमान नसतो, कलम असतं. दुकानाच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्हीत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असते.

३०.०५ ची पाटी: लायसन्स नसलेल्याने बंदूक घेऊन आत यायचं नाही. एलटीसीवाल्याला ही लागत नाही.

३०.०६: एलटीसीवाल्यानेही लपवून आणायची नाही.

३०.०७: एलटीसीवाल्याने उघड दिसेल अशी आणायची नाही. पुष्कळ दुकानांवर ही एकटीच असते, म्हणजे लपवलेली चालते. ०६ आणि ०७ दोन्ही असतील तर पिस्तूल गाडीत.

पाटी ओलांडून आत गेलात तर २०० डॉलरपर्यंत दंड. पण कोणी तोंडी सांगितल्यावरही निघाला नाहीत तर तो क्लास ए मिसडिमिनर, म्हणजे एक वर्षापर्यंत जेल. त्यामुळे मॅनेजर म्हणाला बाहेर जा, तर पाटी चुकीची आहे, अक्षरं लहान आहेत वगैरे वकिली करायची नाही, निघायचं.

लाल रंगात मोठं ५१% लिहिलेली पाटी दिसली तर ते सगळ्यात गंभीर. त्या जागेची ५१ टक्के किंवा जास्त कमाई तिथेच पिण्याच्या दारूतून होते, म्हणजे बार. लायसन्स असो नसो, आत नेलं तर फेलनी. ज्या रेस्टॉरंटमध्ये जेवणाबरोबर बिअर मिळते ते यात नाही, पण दारू प्यायची असेल त्या दिवशी पिस्तूल घरीच ठेवायचं हा नियम स्वतःला लावून घ्या, नशेत बाळगणं हा वेगळा गुन्हा आहेच.

९. पाटी नसली तरी जिथे चालत नाही

शाळा, कोर्ट, मतदान केंद्र (अर्ली व्होटिंगलाही), जेल, शाळा-कॉलेजच्या आणि प्रोफेशनल मॅचेस, हॉस्पिटल, ॲम्युझमेंट पार्क, विमानतळावर सिक्युरिटीच्या पलीकडे, आणि सगळ्या फेडरल इमारती. पोस्टातही नेऊ नका.

आपल्यासाठी यात शाळा महत्त्वाची. मंडळाचा गणपती, दिवाळीचं नाटक, मराठी शाळेचं गॅदरिंग हे सगळं कुठे असतं? हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन. रविवार असला, शाळेला सुट्टी असली, तरी ती इमारत शाळेचीच. आरतीला जाताना कमरेला काही नको. देवळाचं वेगळं आहे, २०१९ मध्ये प्रार्थनास्थळं कायद्यातल्या बंदीच्या यादीतून निघाली, पण देऊळ पाटी लावू शकतं आणि बरीच लावतात.

युनिव्हर्सिटीत २०१६ पासून कॅम्पस कॅरी आहे, पण फक्त एलटीसीवाल्यांना आणि फक्त लपवून, शिवाय प्रत्येक युनिव्हर्सिटीने वगळलेल्या इमारतींची आपापली यादी असते. डॅलसच्या स्टेट फेअरने २०२४ मध्ये सगळ्यांवरच बंदी घातली, राज्याचे ॲटर्नी जनरल कोर्टात गेले तरी त्या वर्षी बंदी टिकली. म्हणजे दर वेळी निघायच्या आधी त्या जागेची वेबसाइट बघायची.

१०. गाडी, ऑफिस, पोलीस

गाडीत पिस्तूल उघडं दिसता कामा नये, दिसणार असेल तर होल्स्टरमध्ये. पण गाडी म्हणजे कपाट नव्हे, रात्रभर ठेवू नका, काच फोडून नेतात.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत कायदेशीर पिस्तूल ठेवायला कंपनी साधारणपणे मनाई करू शकत नाही, २०११ चा कायदा आहे. इमारतीच्या आत मात्र कंपनीचं राज्य. ह्यूस्टनकडच्या रिफायनरी आणि केमिकल प्लांटवाल्यांना अपवाद आहेत, तिथे एचआरची पॉलिसी आधी वाचा.

पोलिसाने थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावलेला, आणि तो विचारेपर्यंत कुठेही हात घालायचा नाही. एलटीसी असेल आणि पिस्तूल जवळ असेल तर आयडी मागितल्यावर दोन्ही कार्डं द्यायची. शांतपणे सांगा की लायसन्स आहे, पिस्तूल अमुक ठिकाणी आहे, तुम्ही सांगाल तसं करतो. 'गन' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला ओरडून म्हणू नका, आपल्या ॲक्सेंटमध्ये त्याला तेवढाच ऐकू येतो.

उघडं घालून फिरणं कायद्याने चालतं, माझं मत मात्र असं की आपण ते करू नये. लोक आधी पिस्तूल बघतात आणि मग चेहरा.

११. घरात

टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि मुलाने ती झाडून कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर शिक्षा मोठी. कपाटात साड्यांच्या खाली, देव्हाऱ्याच्या मागे, या जागा मुलांना तुमच्याआधी माहीत असतात. बोटाच्या ठशाने नाहीतर कोडने उघडणारी छोटी तिजोरी मिळते, ती पिस्तुलाच्या आधी विकत घ्या. आणि मुलं दुसऱ्याकडे प्लेडेटला जातात तेव्हा "तुमच्याकडे गन आहे का, लॉक असते का" हे विचारायला लाजू नका, इथले लोक विचारतात.

१२. काढायचं कधी

नुसत्या शिव्यांना उत्तर म्हणून बळ वापरता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. आय-३५ हायवेवर कोणी कट मारला म्हणून पिस्तूल दाखवणारा स्वतःच आरोपी होतो. आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी वाईट बातमी अशी की बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर इमिग्रेशन कायद्यात ते डिपोर्टेशनचं स्वतंत्र कारण आहे. शेजारचा गोरा माणूस दंड भरून सुटेल तिथे तुमचं घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं पणाला लागतं. क्रिमिनल वकिलाने "प्ली घे (गुन्हा कबूल कर), किरकोळ आहे" म्हटलं तरी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही नाही.

१३. राज्याबाहेर आणि भारतात जाताना

ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको, लुइझियाना टेक्सासचं लायसन्स मानतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय मानत नाहीत. मुलीला भेटायला न्यू जर्सीला गाडीने निघालात तर पिस्तूल घरी ठेवा. प्रत्येक राज्यात शिरायच्या आधी त्या राज्याचे नियम बघा, पाट्यांचेही, कारण ३०.०६ वगैरे फक्त टेक्सासमध्ये.

विमानात फक्त चेक-इन बॅगेत: गोळ्या काढलेलं, कडक कुलूपबंद पेटीत, आणि काउंटरवर सांगून.

भारताच्या प्रवासात काहीच नाही. पिस्तुलाचा तर प्रश्नच नाही, पण लोक अडकतात ते एका सुट्या गोळीने. रेंजला नेलेली बॅकपॅक किंवा जॅकेट तसंच भारतात नेतात, तळाच्या अस्तरात एक काडतूस राहिलेलं असतं, इथून निसटतं आणि परत येताना मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतं. तिथे आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणूनबुजून ठेवलं नव्हतं म्हणून हायकोर्ट असे गुन्हे बरेचदा रद्द करतं, पण तोवर फ्लाइट गेलेली असते आणि मागे वकील आणि तारखा लागलेल्या असतात. रेंजची बॅग वेगळी ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि ती कधीच सूटकेसच्या कपाटात जाऊ देऊ नका.

राहिलं एकच, घर बदललं तर ३० दिवसांच्या आत डीपीएसला नवा पत्ता कळवायचा असतो, ड्रायव्हिंग लायसन्सचा बदलला म्हणजे एलटीसीचा आपोआप बदलेल असं धरून चालू नका.